महालक्ष्म्यांनंतरची कंबरदुखी : नऊ वर्षांनी उलटलेल्या स्तनाच्या कर्करोगाचं एक प्रकरण

नागपुरात नंदनवनला माझा दवाखाना आहे. सर्दी-खोकला, बीपी, शुगर, लेकरांचे ताप, म्हाताऱ्यांचे गुडघे, असं सगळं येतं. कॅन्सरवर मी उपचार करत नाही. पण कॅन्सरचे उपचार संपवून घरी आलेली माणसं पुढची दहा-वीस वर्षं माझ्यासारख्या डॉक्टरकडेच येत राहतात. ही हकीकत अशाच एका बाईंची आहे. मी त्यांना ताई म्हणते, इथेही तेच म्हणेन. त्यांच्या संमतीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवलं, तेव्हा दोन ठिकाणी त्यांनी माझी दुरुस्तीही केली.

पहिला आजार

ऑगस्ट २०१४. ताई तेव्हा ५२ वर्षांच्या, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. आंघोळ करताना डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती म्हणून पंधरा दिवस तशीच अंगावर काढली, मग मला दाखवली. मॅमोग्राफी झाली, सुईनं तुकडा काढून तपासला, ऑपरेशन झालं. स्तन वाचवून फक्त गाठ आणि काखेतल्या ग्रंथी काढल्या. गाठ १.८ सेंटिमीटरची होती, ग्रेड दोन. काखेतल्या १४ ग्रंथींपैकी एकीत कर्करोगाच्या पेशी मिळाल्या. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे या हार्मोनवर पोसणारी गाठ; हर-टू हे पेशी वाढवणारं प्रथिन निगेटिव्ह. स्टेज दोन-ए, म्हणजे लवकर सापडलेला आजार. आठ केमो झाल्या, पाच आठवडे शेक (रेडिएशन) झाला आणि मे २०१५ पासून रोज रात्री लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅमची एक गोळी सुरू झाली. ती पाच वर्षं घ्यायची होती.

उपचार चोख झाले. त्यात कुठेही बोट ठेवायला जागा नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण आजार उलटल्यावर नातलगांत पहिली कुजबूज हीच झाली की तेव्हाच पूर्ण स्तन काढायला हवा होता. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला होता. २००२ साली त्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष आले. लवकरच्या आजारात स्तन वाचवून शेक दिला काय किंवा पूर्ण स्तन काढला काय, बायका सारख्याच जगल्या. शिवाय ताईंचा आजार त्या स्तनात परत आलेलाच नव्हता.

कॅलेंडरवरच्या खुणा

ताई दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतात. चकल्या, अनारसे, चिरोटे, शंकरपाळे. नवरा कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला, पेन्शन आहे, पोटापाण्याची ओढ नाही. पण गेली पंचवीस वर्षं नंदनवन-सक्करदऱ्याची कित्येक घरं त्यांच्याच चकल्यांवर दिवाळी करतात आणि त्याचा त्यांना मान आहे.

पाळी गेल्यानंतरही शरीरात थोडं इस्ट्रोजेन बनत राहतं, मुख्यतः चरबीत, अरोमाटेज नावाच्या एन्झाइममुळे. लेट्रोझोल ते एन्झाइम अडवतं. कर्करोगाच्या पेशींचं खाद्य तुटतं, आणि त्याच वेळी सांधेही आखडतात. सकाळी उठल्यावर बोटं मिटत नाहीत, टाच टेकवत नाही. ताईंना हे सगळं होत होतं. मला सांगायच्या, मी पॅरासिटामॉल द्यायची आणि म्हणायची, "वय झालं ताई, होणारच."

२०१७ च्या दसऱ्यानंतर फराळाचं काम अंगावर आलं आणि सोऱ्याची मूठ फिरेना. "पंधरा दिवस गोळी घेत नाही, दिवाळी झाली की परत सुरू करतो," असं त्यांनी मनाशी ठरवलं. दोनेक आठवड्यांत हात मोकळे झाले. दिवाळी पार पडली. पुढे लग्नसराई आली, मग नातवाचं बारसं आलं. गोळी राहिली ती राहिलीच.

हे मला कळलं सहा वर्षांनी. आजार उलटल्यावर त्यांच्या सुनेनं फाइल शोधताना जुनी कालनिर्णय काढून आणली. ताई जुनं कॅलेंडर टाकत नाहीत. प्रत्येक तारखेच्या चौकोनात खालच्या कोपऱ्यात दुधाचा आकडा, एक किंवा दीड, आणि वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीची बारीक टिक. ती टिक गोळीची. मे २०१५ पासून एकही दिवस सुटलेला नाही. केमोनंतर हात थरथरायचा तेव्हाच्या टिका वाकड्या आहेत, पण आहेत. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्या आठवड्यानंतर वरचे कोपरे कोरे. खाली दुधाचे आकडे वर्षाच्या शेवटापर्यंत व्यवस्थित चाललेले. ती पानं मी दवाखान्यातल्या टेबलावर पसरून बराच वेळ पाहत बसले होते.

त्या मधल्या वर्षांत गोळीबद्दल त्यांना कोणीच विचारलं नाही, असं मात्र नव्हतं. दर सहा महिन्यांनी कर्करोगतज्ज्ञांकडे विचारलं जायचं, माझ्याकडेही विचारलं जायचं. "गोळी चालू आहे ना?" आणि ताई म्हणायच्या, "हो." अशा प्रश्नाला "हो"शिवाय उत्तर असतंच कुठे? मी नंतर विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही रागावले असते, मॅडम." २०२० च्या मे महिन्यात पाच वर्षं पुरी झाली. लॉकडाऊन होता, तपासणी फोनवरच उरकली. पाच वर्षं झाली, आता गोळी बंद करायला हरकत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. काखेतली ग्रंथी बाधित असलेल्या बाईला गोळी पाचच्या पुढे न्यावी का, यावर समोरासमोर बोलायला हवं होतं. ते बोलणं झालं नाही. घरी त्या दिवशी श्रीखंड आणलं होतं.

गोळी मध्येच सोडणाऱ्या ताई एकट्या नाहीत. कॅलिफोर्नियातल्या ८,७६९ बायकांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. साडेचार वर्षांत त्यांतल्या ३२ टक्के बायकांनी हार्मोनची गोळी सोडून दिली होती. ठरलेला काळ ठरलेल्या पद्धतीनं पुरा करणाऱ्या भरल्या ४९ टक्के. तिथे औषधाचा खर्च, विमा, दवाखान्याचं अंतर या अडचणी आपल्यापेक्षा वेगळ्या, तरी ही गत. सांधेदुखीवर उपाय नव्हता अशातलाही भाग नाही. लेट्रोझोलऐवजी एक्झेमेस्टेन किंवा ॲनास्ट्रोझोल देऊन पाहता येतं, टॅमॉक्सिफेन या वेगळ्या वर्गातल्या हार्मोनच्या गोळीवर नेता येतं, नियमित व्यायामानं हे दुखणं बऱ्यापैकी उतरतं. पण त्यासाठी "वय झालं" या शब्दांवर माझं थांबणं टळायला हवं होतं.

कंबर

२०२३ च्या सप्टेंबरात ताईंची कंबर दुखू लागली. कारणं समोरच होती. महालक्ष्म्या त्यांच्याकडे असतात, सोळा भाज्या, आंबील, पुरण, सगळं उभ्यानं. विसर्जनाच्या दिवशी, २३ सप्टेंबरला पहाटे, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी शहरात शिरलं. अंबाझरी लेआउटमध्ये ताईंच्या बहिणीच्या घरात गुडघाभर चिखल होता. दोन दिवस ताई तिथे खराट्यानं गाळ ओढत होत्या. मग महिनाअखेरीस माझ्याकडे आल्या. "मॅडम, कंबर भल्ली दुखून राहिली."

आता या कंबरेला दुसरं कारण कशाला शोधायचं? मी वेदनाशामक गोळी, मलम आणि आठ दिवस आराम लिहून दिला. ऑक्टोबरच्या मध्यात त्या परत आल्या. एक्स-रे काढला, रिपोर्टमध्ये वयोमानाप्रमाणे झीज. पट्टा दिला, फिजिओथेरपीला पाठवलं. एक्स-रेनं आपली केवढी समजूत घातली जाते! मणक्यातला साधारण ३० ते ५० टक्के चुना गेल्याशिवाय त्यावर काही दिसत नाही, हे मी शिकलेली आहे, परीक्षेत लिहिलेलं आहे. समोर ताई होत्या आणि मला आठवलं नाही.

त्याचं एक साधं कारण नंतर सापडलं. माझ्या जुन्या कागदी केसपेपरवर उजव्या कोपऱ्यात लाल शाईनं लिहिलेलं होतं, "डावा स्तन, कॅन्सर, २०१४". २०२१ मध्ये आम्ही दवाखाना कॉम्प्युटरवर नेला. जुनी कार्डं भरायला एक मुलगी ठेवली होती. तिनं चालू आजार भरले: बीपी, थायरॉइड. कॅन्सर बरा झालेला, म्हणून तो भरला नाही. चूक तिची नाही, काय भरायचं ते मीच सांगितलं होतं. २०२३ मध्ये मी स्क्रीनकडे पाहत होते आणि स्क्रीनवर बीपी-थायरॉइडची एक ६१ वर्षांची बाई होती.

दिवाळीनंतर तिसऱ्यांदा आल्या तेव्हा सोबत नवरा होता. बोलला तो. "मॅडम, ही रात्री तीन वाजता हॉलमध्ये फिरून राहते. झोपली की जास्त दुखते म्हणते." मी पेन खाली ठेवलं. स्नायूची कंबर आडवं झालं की उतरते. आडवं झाल्यावर वाढणारी, रात्री उठवणारी, दोन महिन्यांत रेसभरही कमी न झालेली कंबर वेगळी असते. "वजन?" दिवाळीत चार किलो कमी भरलं होतं. आणि मग मी विचारलेला प्रश्न मला स्वतःलाच ऐकू आला, "ताई, तुमचं ऑपरेशन कोणत्या वर्षी झालं होतं?"

त्यांना टेबलावर झोपवून एकेक मणका बोटानं ठोकत गेले. कमरेच्या दुसऱ्या मणक्यावर त्यांनी माझा हात धरला. पायांची ताकद तपासली, बधिरपणा, लघवी-शौचाचा ताबा विचारला. हे सगळं ठीक होतं. यांतलं काही बिघडलेलं असतं तर मज्जारज्जूवर दाब आला असं समजून त्याच रात्री हलवावं लागलं असतं. तिथे दिवसाचा नव्हे, तासांचा हिशेब असतो.

एमआरआयमध्ये एल-२, म्हणजे तोच कमरेचा दुसरा मणका खचत आलेला, डी-११ मध्येही, म्हणजे पाठीच्या अकराव्या मणक्यात, तसाच डाग. सगळ्या शरीरात आजार शोधणाऱ्या पेट (PET) स्कॅनमध्ये कमरेच्या हाडात आणखी दोन जागा. यकृत, फुप्फुसं, मेंदू स्वच्छ. कमरेच्या हाडातून तुकडा घेतला. एवढं दिसल्यावर पुन्हा सुई कशाला, असं घरच्यांना वाटलं. पण परतलेला आजार मूळच्यासारखाच असेल असं धरून चालत नाही, रिसेप्टर बदलतात आणि औषध त्यावरच ठरतं. ताईंचंही बदललं होतं. इस्ट्रोजेन पॉझिटिव्ह राहिलं, प्रोजेस्टेरॉन निगेटिव्ह झालं, हर-टू पूर्वीसारखंच निगेटिव्ह.

"आईला सांगू नका"

पुण्याहून मुलाचा फोन आला. "मॅडम, आईला फक्त मणक्याचं सांगा. ती खचून जाईल." मला त्याचा राग आला नाही. आपल्याकडे माया अशीच बोलते. मी एवढंच म्हणाले की मी खोटं सांगणार नाही, पण त्यांनी जेवढं विचारलं तेवढंच बोलेन. दुसऱ्या दिवशी ताई आल्या, खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला आणि विचारलं, "उलटलं ना, मॅडम?"

"हो."

"हाडाचा कॅन्सर झाला का आता?"

हा गैरसमज फार घरांत आहे, म्हणून त्यांना सांगितलं तेच इथे सांगते. हा हाडाचा कॅन्सर नाही. हाडात जाऊन बसलेल्या, मुळात स्तनाच्याच पेशी आहेत या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या स्तनाच्या दिसतात आणि स्तनाच्या औषधांनाच दाद देतात. २०१४ मध्येच, किंवा त्याच्याही आधी, काही पेशी रक्तातून निघून हाडाच्या मगजात पोचल्या असणार. तिथे वर्षानुवर्षं त्या निपचित राहू शकतात, कोणत्याही स्कॅनला न दिसता.

"पण पाच वर्षं झाली की सुटलो म्हणतात ना?" हे नवऱ्यानं विचारलं.

म्हणतात. हा आकडा लोकांच्या मनात घट्ट बसला आहे, कारण कॅन्सरचे हिशेब पाच-पाच वर्षांत मांडले जातात. ज्यात तिन्ही रिसेप्टर निगेटिव्ह असतात त्या प्रकारात तो बराचसा खराही आहे: उलटायचा तर पहिल्या तीन-चार वर्षांत उलटतो, पाचनंतर क्वचितच. हार्मोन पॉझिटिव्ह आजाराची चाल वेगळी, संथ आणि लांब. २०१७ मध्ये ६२,९२३ बायकांच्या माहितीवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. या सगळ्यांना पाच वर्षं हार्मोनचे उपचार ठरवून दिलेले होते आणि पाचव्या वर्षी कोणालाही आजार नव्हता. पुढे पाचव्यापासून विसाव्या वर्षापर्यंत दर वर्षी थोड्याथोड्या बायकांत तो शरीरात दुसरीकडे उगवत राहिला. गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत आणि काख स्वच्छ असेल तर विसाव्या वर्षापर्यंत शंभरात १३ जणींना, ताईंसारख्या एक ते तीन ग्रंथी बाधित असतील तर २० जणींना, चार ते नऊ असतील तर ३४ जणींना. उलटा हिशेब मी मुद्दाम करून दाखवला: ताईंच्या गटातल्या ८० जणींना तो उलटला नाही.

ताईंना जो प्रश्न छळत होता तो त्यांनी नवरा बाहेर गेल्यावर विचारला. "मी गोळी सोडली म्हणून झालं का?"

यावर गोड बोलून सुटता आलं असतं. मी दोन्ही बाजू सांगितल्या. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलं तर त्या काळात आजार उलटण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं. पाळी गेलेल्या बायकांत लेट्रोझोलच्या वर्गातली औषधं त्याहून थोडी सरस ठरली आहेत. म्हणजे गोळीचं मोल खरं आहे. पण आत्ता सांगितलेल्या वीस जणींना पाच वर्षांच्या गोळ्या लिहून दिलेल्या होत्या, त्यांतल्या कितीतरी जणींनी त्या नेमानं घेतल्याही असतील, तरी त्यांना उलटला. तुम्ही त्यांतल्या असता की नसता, हे जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. ताई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे नक्की काही नाही." आणि रडल्या. डोळे पुसून झाल्यावर पुढच्या तपासणीची तारीख त्यांनीच विचारली.

मुलाचा प्रश्न वेगळा आणि रागाचा होता. "दरवर्षी पेट स्कॅन केला असता तर?" त्याला वाटत होतं की पैसे वाचवायच्या नादात आपण आईला गमावून बसणार. १९९४ मध्ये इटलीतल्या २० रुग्णालयांतल्या १,३२० बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या बायकांच्या ठरावीक काळानं हाडांचे स्कॅन, यकृताची सोनोग्राफी, छातीचे एक्स-रे, रक्ततपासण्या केल्या. उरलेल्यांना फक्त डॉक्टरची तपासणी आणि मॅमोग्राफी. दोन्ही गटांच्या आयुष्यमानात फरक पडला नाही. म्हणून लक्षण नसताना दरवर्षी स्कॅन किंवा रक्तातल्या कर्करोगाच्या खुणांची (मार्करची) तपासणी करू नये असं आजही सांगतात. सांगतात ते असं: पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी डॉक्टरकडून तपासणी; वर्षातून एकदा मॅमोग्राफी; आणि नवं लक्षण आलं की लगेच त्याचा माग. मुलाला मी म्हणाले, "बाळा, स्कॅन न करण्यात चूक नव्हती. लक्षण आल्यावर मी दोन महिने घालवले, ती चूक होती." तो फोनवर काही बोलला नाही. मलाही पुढे काही सुचलं नाही.

पुढचे उपचार

मणक्याला शेकाचा एकच मोठा डोस दिला, आठ ग्रे (ग्रे हे शेक मोजायचं माप). सहसा दुखणं उतरायला दोन-तीन आठवडे लागतात. ताईंना दहाव्या दिवशी सलग पाच तास झोप लागली. हाडं बळकट ठेवायला दर बारा आठवड्यांनी झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाइन ठरलं. त्याच्या आधी दंतवैद्याकडे पाठवून एक किडकी दाढ काढून घेतली, कारण हे औषध सुरू झाल्यावर दात काढला तर जबड्याचं हाड सडण्याचा धोका असतो. ही गोष्ट गडबडीत फार वेळा राहून जाते.

मुख्य औषध पुन्हा लेट्रोझोलच. ताईंचा चेहरा उतरला. पण गोळी चालू असताना आजार उलटला, असं झालेलंच नव्हतं. गोळी सोडून सहा वर्षं झाली होती, त्यामुळे ती लागू पडेल अशी चांगली आशा होती. सोबत पॅल्बोसिक्लिब: २१ दिवस गोळी, ७ दिवस सुट्टी. पेशींचं विभाजन ज्या प्रथिनांच्या जोरावर चालतं त्यांना हे औषध अडवतं. एकट्या लेट्रोझोलवर आजार साधारण १४.५ महिने आटोक्यात राहिला, दोन्ही मिळून २४.८ महिने, असं मोठ्या चाचणीत दिसलं होतं. त्याच वर्गातल्या रायबोसिक्लिबनं एकूण आयुष्यही वाढल्याचं दाखवलं आहे, ५१.४ महिन्यांवरून ६३.९. कर्करोगतज्ज्ञांनी दोन्ही नावं कुटुंबासमोर ठेवली. जानेवारी २०२३ मध्ये पॅल्बोसिक्लिबचं भारतातलं पेटंट संपलं आणि देशी कंपन्यांच्या गोळ्यांनी किंमत खूप खाली आली. पेन्शनच्या हिशेबात वर्षानुवर्षं बसेल असं तेच होतं. त्यांनी ते घेतलं. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो, कारण जे औषध सहाव्या महिन्यात परवडेनासं होऊन बंद पडतं त्याचे चाचणीतले आकडे घरी लागू पडत नाहीत.

आजार पूर्ण जाईल असं कोणी म्हणालं नाही. तो दाबून ठेवायचा, वर्षं मिळवायची, अशी भाषा होती.

सांधे यावेळीही आखडले. फरक एवढा की पहिल्याच महिन्यात ताईंनी सांगितलं. रोज पाऊण तास चालणं सुरू केलं, नवरा सोबत जातो. चकल्यांचा सोऱ्या आता सून फिरवते आणि ताई भाजणीत हात घालून सांगतात, अजून दोन पळ्या मोहन पाहिजे. दवाखान्यात मी "चालू आहे ना?" हा प्रश्न बंद केला आहे. "पाकीट दाखवा, किती उरल्या?" असं विचारते, आणि त्याआधी म्हणते, "बऱ्याच बायकांच्या हातून मध्ये-मध्ये सुटते, तुमचं कसं?" मागच्या वर्षी या एका वाक्यावर दोघींनी गोळी सोडल्याचं सांगितलं. दोघींची औषधं बदलून मिळाली. कॉम्प्युटरमध्ये जुन्या कॅन्सरची ओळ मी स्वतः एकेक कार्ड काढून भरली, त्याला पाच रविवार लागले.

ताईंना औषध सुरू झालं जानेवारी २०२४ मध्ये. आतापर्यंतच्या सगळ्या स्कॅनमध्ये हाडातल्या जागा थंड आहेत, नवी जागा नाही. दोनदा पांढऱ्या पेशी हजाराच्या खाली गेल्या म्हणून पॅल्बोसिक्लिब १२५ वरून १०० मिलिग्रॅमवर आणलं आहे. ताईंच्या मुलीनं पहिली मॅमोग्राफी करून घेतली. आजार वारशानं आला का ते पाहणारी ताईंच्या रक्ताची जनुकीय तपासणी निगेटिव्ह आली, म्हणून मुलीची करावी लागली नाही. पुढचं सलाइन पुढच्या महिन्यात आहे, आणि त्या आठवड्यात घरी नातवाची मुंज, म्हणून चार दिवस पुढे ढकलता येईल का, हे विचारायला ताई काल येऊन गेल्या. चार दिवसांनी काही बिघडत नाही, असं मी सांगितलं.